माहेरच्या नावानं आलेला फोन

जवळ ये गं जरा, अशी समोर बस. लांब राहतेस म्हणून सुटशील असं समजू नकोस, मला कागदावरूनही कान धरता येतो. परवा लग्नाच्या हॉलवर सगळ्यांचे ओळखीचे कागद द्यायचे होते, तर तू तुझं आधार कार्ड, पुढनं मागनं दोन्ही बाजूंनी, घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झालीस. चाळीस माणसं आहेत त्या ग्रुपवर. त्यातली निम्मी माझ्या दारात येऊन उभी राहिली तर मला ओळखू यायची नाहीत. आणि खाली लिहिलंस, कुणीतरी प्रिंट काढून ठेवा. पोरी, त्या ‘कुणीतरी’चीच गोष्ट सांगायला मी बसलेय. तुझ्या बापानं तुला ती दोन ओळींत सांगितली असेल, की आजीला फसवायचा फोन आला होता, पण वाचली. तसं नव्हतं ते. नीट ऐक.

आमच्या वेळी बाईला दोन नावं असायची. एक बापाच्या घरचं, एक नवऱ्याच्या. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या आजोबांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव काढलं. मला ते वाचताही आलं नाही. अक्षरं मी नंतर शिकले, तुझ्या बापाच्या पहिलीच्या पुस्तकावरून, चुलीपुढं बसून. कुणीतरी ते नाव मोठ्यानं वाचलं, बायका हसल्या, तांदूळ डब्यात गेले. त्या दिवसापासून सासरी मला जुन्या नावानं एकदाही कुणी हाक मारली नाही. ते नाव हर्सूलच्या पलीकडं, माहेरच्या गावातच राहिलं. तिकडं गेलं की दोन-चार दिवस ते मला परत मिळायचं. मग आई गेली, वडील गेले, बहीण गेली. शेवटी ते एकट्या दादाच्या तोंडात उरलं. दादा गेला तव्हा मी लई रडले, पण मनात हेही आलं की चला, ती पोरगीपण गेली.

दादाच्या माघारी एक काम निघालं. वडिलांच्या जमिनीतला तुकडा रस्ता रुंद करताना गेला होता, त्यात माझाही हिस्सा होता. वारसाच्या नोंदीत माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. म्हणून कोर्टाच्या आवारात छत्री लावून बसणाऱ्या टायपिस्टाकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावं लागलं की या दोन नावांची बाई एकच आहे. जन्मतारीख, वडिलांचं नाव, आईचं नाव, तिकडचा पत्ता, इकडचा पत्ता, फोनचा नंबर, सगळं एका पानावर. त्याच्या झेरॉक्स किती काढल्या त्याला हिशेब नाही. या टेबलावर दोन, त्या टेबलावर तीन. झेरॉक्सवाल्याचं मशीन शाई सोडायचं. बिघडलेली प्रत तो बाजूच्या खोक्यात टाकायचा आणि मीच म्हणायचे, टाक बाबा टाक, मला काय करायचीय ती. एवढी जपून वागणारी बाई मी, घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते, आणि माझा अख्खा जन्म त्या खोक्यात टाकून घरी यायचे.

हिश्श्याचे पैसे आले ते आजोबांच्या पेन्शनच्या खात्यातच ठेवले. त्या खात्यावरच मी उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत एकटी राहते, कुणाला हात पसरत नाही. तुझा बाप चांगलाच आहे. पण त्याच्या पुण्यातल्या आठव्या मजल्यावरून मला माणसांची टाळकी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. खातं गेलं असतं तर उरलेलं आयुष्य त्या गॅलरीत काढावं लागलं असतं. गेलं तर काय जाणार होतं, ते एवढ्यासाठी आधी सांगून ठेवते.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, गल्ली गप्प. मी लसूण सोलत बसले होते आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी हॅलो म्हणलं. पलीकडं नुसता श्वास. मग एका बाईनं माझं माहेरचं नाव घेतलं.

हळूच घेतलं, मागून येऊन डोळे झाकावेत तसं.

माझ्या हातातली पाकळी खाली पडली. बघ, त्या नावानं हाक मारणारं एकही माणूस या जगात उरलेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी अंगातली ती पोरगी ओ देऊन मोकळी झाली. मी विचारलं, "कोण गं?"

"तूच ओळख," ती म्हणली.

आता इथं मी चुकले, आणि माझ्या वयाची कुठलीही बाई इथंच चुकंल. माहेरचं नाव ज्याच्या तोंडात, ते माणूस माहेरचंच, असं आमच्या रक्तात बसलंय. बँकवाला म्हणून फोन आला असता तर मी फट्‌दिशी ठेवला असता, तेवढं टीव्हीवर बघून मला कळतं. पण त्या नावावर कुणी शंका घेतं का? मीच अंधारात हात घातला आणि विचारलं, "मावशीची धाकटी का गं तू?"

"ओळखलंस बाई," ती म्हणली.

मावशीची धाकटी म्हणजे माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. रझाकारांच्या भीतीनं दोन्ही घरं एकाच रात्री बैलगाड्या जुंपून हद्दीपलीकडं गेली होती. पोलीस ॲक्शन झाली आणि आमची गाडी माघारी आली, मावशीची तिकडंच राहिली. मी तव्हा कडेवरची, मला काही आठवत नाही, सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. माझ्या लग्नात ती आली होती. नंतर तिची खबर नव्हती. आता फोनवर मी तिला हे सगळं भडाभडा सांगत सुटले आणि ती म्हणत राहिली, व्हय, व्हय, तसंच झालं होतं. मला वाटलं, काय आठवण आहे हिची. आठवण माझी होती गं. तिनं एक शब्दसुद्धा स्वतःहून सांगितला नाही. ती नुसती माझंच मला परत देत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा फोन. अर्धा तास बोललो. माझे गुडघे, तुझ्या बापाची बदली, पेन्शन कुठल्या बँकेत येते, दाखला द्यायला कधी जाणार, सगळं. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो, त्याचाच महिना होता. ती मधनंमधनं नुसतं "मग?" म्हणायची. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलेलं मला आठवत नाही. तुम्ही पोरं फोनवर असता तव्हा भांडी घासता, गाडी चालवता, मला ऐकू येतं.

मात्र तिच्या बोलण्यामागं आणखी आवाज होते. बायकांचेच. एक नाही, पाच-सहा. सगळ्या हळू आवाजात, गोड, कुणाकुणाशी बोलत होत्या. एकमेकींशी नव्हे. एक म्हणत होती, "ओळखलं नाही का मला?" दुसरी नुसतं, "मग? मग?" मी विचारलं, घरात बायका जमल्यात का गं?

"व्हय, हळदीकुंकू हाय," ती म्हणली.

कार्तिकात कसलं हळदीकुंकू, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. सुचलं आणि मी ते बाजूला सारलं. खरं सांगते, मला ते बाजूला सारायचंच होतं.

तिसऱ्या दिवशी फोन सकाळीच आला, मी बँकेत निघायच्या तयारीत असताना. ती म्हणली, माझा लेक फोनच्या कंपनीत आहे, तो सांगतोय की दोन नावांच्या बायकांची पेन्शन अडकायलीय, मावशीचं करून टाक म्हणला. तुला एक मेसेज येईल, त्यातले आकडे तेवढे मला वाचून दाखव. मेसेज आला. इंग्रजीत होता. मला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. त्या आकड्यांच्या खाली काय लिहिलं होतं ते मला पुढं कळलं, की हा क्रमांक कुणालाही सांगू नका. मी एकेक आकडा वाचला. तिनं एकेक माझ्यामागं म्हणला, शाळेत पाढे म्हणतात तसा. शेवटचा झाला तशी ती म्हणली, "झालं बाई. आता तुला काहीच करायचं नाही."

आणि फोनमधला आवाजच गेला. फोन ठेवल्यावर शांत होतं तसं नव्हे. कानाला लावलं तर आत नुसती पोकळी. वरच्या कोपऱ्यातल्या त्या काड्या गेल्या होत्या. मी शेजारणीला विचारलं, तुमचं नेटवर्क गेलंय का? तिचा फोन चालू होता. म्हणलं, असेल काही, आणि पिशवी घेऊन निघाले.

बँकेत पेन्शनच्या खिडकीवर एक पोरगी बसते. वडील तिचे मेंढरं घेऊन रानोरान फिरायचे, ही शिकून खुर्चीवर बसली. मला लई आवडते ती, कारण ती माझ्याकडं बघून बोलते, कॉम्प्युटरकडं बघून नाही. तिनं मला बसवलं, अंगठा लावायला सांगितलं. आता माझा अंगठा म्हणजे घासून घासून गुळगुळीत झालेला. राख, माती, सरपण, भांडी, त्या रेषा कुठल्या राहायला? मशीननं तीनदा नाही म्हणलं. ती म्हणली, राहू द्या आजी, तुमच्या मोबाईलवर नंबर पाठवते, तो सांगा.

आम्ही दोघी माझ्या फोनकडं बघत बसलो. काही येईना. मी म्हणलं, सकाळपासून असाच मेलाय. ती म्हणली, थांबा, रिंग देऊन बघते. तिनं तिच्या फोनवरून माझा नंबर लावला.

तिच्या फोनमध्ये रिंग वाजत होती. माझा फोन काउंटरवर, तिच्या कोपराजवळ, गप्प पडला होता. मला आधी मौज वाटली. चौथ्या रिंगला कुणीतरी तो उचलला.

"हां, बोला," बाईचा आवाज आला.

पोरगीनं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि स्पीकर लावला. विचारलं, आपण कोण बोलताय? त्या आवाजानं माझं नाव सांगितलं. सासरचं, पूर्ण, आडनावासकट. कसलीच घाई नव्हती. बँकेतून बोलतेय म्हणल्यावर म्हणली, बोल ना बाळा, मी दाखला द्यायला यायचीच होते, पण गुडघे धरलेत.

पोरी, माझे गुडघे इथं माझ्याच साडीत होते आणि ती तिकडं ते दुखतायत म्हणून सांगत होती.

पोरगीनं जन्मतारीख विचारली. तिनं सांगितली. आईचं नाव विचारलं. सांगितलं. जुना पत्ता, माहेरचं गाव, सगळं बरोबर, कुठं अडखळणं नाही. मी सांगितलं असतं तर दोनदा विचार करून सांगितलं असतं. आणि मग त्या पोरगीनं मान वर करून माझ्याकडं जे बघितलं, ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. तिच्या नजरेत एक क्षण शंका होती. माझा अंगठा उमटत नव्हता, माझा फोन मुका होता, आणि तिकडं एक बाई माझा सगळा जन्म तोंडपाठ म्हणून दाखवत होती. दोघींतली खरी कोण? मी हातातली पिशवी छातीशी धरली. मला सांगायचं होतं की मी आहे, मीच आहे, पण ते कशानं सांगायचं तेच सुचेना. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला स्वतःलाच भरवसा वाटेना. गेले तीन दिवस मी तिला मीच थोडी थोडी देत आले होते. आता देण्यासारखं माझ्याजवळ काय उरलं होतं?

पोरगीनं ओठावर बोट ठेवून मला गप्प राहायला खुणावलं. मग फोनमध्ये अगदी सहज म्हणली, "आजी, मागल्या वर्षी दाखल्याला आला होता, तव्हा माझ्यासाठी काय आणलं होतं?"

कारळ्याची चटणी, पोरी. लोणच्याच्या बाटलीत घालून. तिला दिवस गेले होते आणि तोंडाला चव नव्हती म्हणून. ते कुठल्या स्टॅम्प पेपरवर नव्हतं, आणि फोनवर सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिकडं मागचे ते बायकांचे आवाज तेवढे ऐकू येऊ लागले, तसेच गोड, तसेच हळू. मला वाटलं ठेवेल आता. पण ठेवला नाही. तिचा आवाज आला, आणि आता तो बँकेशी बोलत नव्हता.

"ती तिथंच बसलीय का?"

मग त्या बाईनं माझं माहेरचं नाव घेतलं, पहिल्या दिवशी घेतलं होतं तसंच, मागून येऊन डोळे झाकावेत तसं, आणि म्हणली, "घरी जा गं आता. ऊन लागंल."

आणि फोन बंद.

त्यानंतर पोरगी काय हलली म्हणून सांगू. आधी खातं बंद करून टाकलं, साहेबाला बोलावलं, सायबरवाल्यांना कळवलं, शिपायाला माझ्याबरोबर देऊन फोनच्या दुकानात पाठवलं. माझा नंबर त्या आकड्यांनी दुसऱ्या सिमवर नेला होता, तो तिथं बंद करून पुन्हा माझ्याकडं आणावा लागला. खात्यातून काय गेलं होतं माहीत आहे? एक रुपया. सकाळीच कुठंतरी जाऊन बसला होता. साहेब म्हणले, वाट मोकळी आहे का ते बघायला आधी एवढाच पाठवतात. आणखी तासभर उशीर झाला असता तर बाकीचा त्याच वाटेनं गेला असता. पोरगीला मी विचारलं, तुला कसं गं सुचलं? ती म्हणली, आमचे बाबा सांगायचे, मेंढराच्या अंगावरच्या रंगावर जाऊ नका, रंग कुणीबी लावतंय.

पोलिसांत तक्रार द्यायला गेले तर तिथल्या हवालदारानं विचारलं, कुणावर संशय? मी म्हणलं, मावशीच्या धाकट्या लेकीवर. तो लिहायला लागला, मग थांबला, आणि पेन खाली ठेवून म्हणला, मावशी, चहा घेता का?

त्याच संध्याकाळी मी दादाच्या मुलाला विचारलं, की बाबा, मावशीच्या धाकटीचा ठावठिकाणा कुणाला माहीत आहे का? तो म्हणला, आत्या, ती जाऊन कैक वर्षं झाली. तुला कळवायचं राहिलं वाटतं. म्हणजे मी तीन दिवस, रोज, एका मेलेल्या बाईशी बोलले. तिला बैलगाडीच्या गोष्टी सांगितल्या, हसले, एकदा रडलेसुद्धा. फोन ठेवताना दर वेळी म्हणले होते, ये गं एकदा, डोळ्यांनी बघू दे.

तुझ्या बापानं येऊन सगळं बांधून दिलं. बँकेला आता जो नंबर दिलाय तो साध्या बटणाच्या फोनमध्ये आहे, तो मी कुणालाच सांगितलेला नाही, तुलाही सांगणार नाही, रुसू नकोस. आधारवरचा अंगठाबिंगठा लॉक केला. झेरॉक्स आता मी दुकानदाराच्या शेजारी उभी राहून काढते. प्रत्येक प्रतीवर आडवं लिहिते की ही कशासाठी दिली, खाली सही करते, आणि बिघडलेली प्रत घरी आणून फाडते. दुकानदार हसतो. हसू दे. आणि मेसेजमधले आकडे मागणारा देव जरी असला तरी मी त्याला म्हणेन, आधी घरी ये.

पण तुझ्या बापाला न सांगितलेली एक गोष्ट तुला सांगते. नंबर परत आल्यावर आठवड्याभरानं, भर दुपारी, तो फोन पुन्हा वाजला. ओळखीचा नंबर नव्हता. कोण आहे ते मला पहिल्याच रिंगला कळलं. मी समोर बसून राहिले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. का दाबले विचार. कारण हात जात होता. चोर आहे, मला लुटायला बसलेली बाई आहे, सगळं ठाऊक होतं. तरी वाटत होतं, एकदाच उचलावा, काही बोलू नये, नुसतं तिनं नाव घेतलेलं ऐकावं आणि ठेवून द्यावा. या जगात आता ते नाव घेणारी ती एकटीच आहे, गं. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला, थांबला. पुढं कधी आला नाही.

म्हणून या कागदावर मी माझं एकही नाव लिहिलेलं नाही. माझं नाही, कुणाचंच नाही.

तव्हापासून आवाजावर माझा भरवसा उरलेला नाही, तुझ्यासुद्धा. तू फोन करतेस, आजी म्हणतेस, आणि मी पहिला मिनिटभर हूं हूं करत तुला चाचपत असते. तुला वाटतं म्हातारीला ऐकू कमी येतंय. येतं, चांगलं येतं. पण फोनवर पुरतं खरं काय असतं? तुझ्या तोंडाकडं बघितल्याशिवाय मला आता काही सांगवत नाही. तर असं कर, या महिन्यात ये. सुट्टी काढ, रात्रीची गाडी नको धरू, दिवसाउजेडी ये. दारात जरा उभी राहा म्हणजे मला नीट बघता येईल, मग आत ये. चार दिवस राहा. माझं लहानपणीचं नाव तुला मी तुझ्या कानात सांगेन, आणि तू ते एकदा मोठ्यानं घेऊन दाखव. लवकर ये बाई, मी वाट बघते.